बिनबैलाचा छकडा

"छकडा आहे हा," आई म्हणाली. "बिनबैलाचा."

भाड्याने गाड्या देणाऱ्या दुकानातला मुलगा मला गोल्फ कार्टची किल्ली, ब्रेक, दिव्यांचं बटण दाखवत होता. छत आहे, भिंती नाहीत. चाकं आहेत, दारं नाहीत. पुढे दोघांची जागा, आणि मागची सीट उलट्या तोंडाची. तिथे बसणाऱ्याला गाव येताना दिसतच नाही, फक्त जाताना दिसतं. ती जागा माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने आधीच पटकावली होती. आईने गाडीभोवती एक चक्कर मारली, बाजारात बैल पारखतात तशी, आणि कुणी काही म्हणायच्या आत पुढच्या सीटवर जाऊन बसली. पट्टासुद्धा स्वतःच लावला.

यात नवल काय, ते कळायला ह्यूस्टनपर्यंत मागे जावं लागेल.

आई मेअखेरीस आली होती. बाबा गेल्यापासूनची ही तिची तिसरी खेप. ह्यूस्टनचा उन्हाळा असा असतो, की माणूस घरातूनच गॅरेजमध्ये जातो, गाडीत बसतो, मग गॅरेजचं दार वर जातं, गाडी बाहेर पडते, दार खाली येतं. जिथे पोचायचं तिथेही थंडगार हवेचा एक डबा वाट बघत असतो. किराणा, देऊळ, वाचनालय, सगळं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात. आई नेहमी मागच्या सीटवर, कारण चालवणार नवरा आणि शेजारी मी. पाय दुखतात म्हणून चालणं बेताचं, आणि चालायचं म्हटलं तरी आमच्या वसाहतीत संध्याकाळी कुत्री फिरवणारी चार माणसं सोडली तर रस्त्यावर कोण असतं? ऑगस्टमध्ये एकदा हायवेवर अर्धा तास गप्प बसल्यावर ती म्हणाली, "तुमच्या अमेरिकेला काच फार."

मी तेव्हा हसले. पण ते वाक्य माझ्या मागेच लागलं. कोकणात, आंजर्ल्याला ती ओटीवर बसते तेव्हा रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस तिला काहीतरी विचारून जातो, नाहीतर ती त्याला विचारते. "कुठे निघालास?" "हा काय, बंदरावर." निघाला कुठे हे दोघांनाही माहीत असतं, प्रश्न त्यासाठी नसतोच. इथे पाच महिन्यांत तिला असं कुणी काही विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरात मुलाला शाळेला जोडून सुट्टी मिळाली, नवरा कामात अडकला होता, म्हणून आम्ही तिघंच निघालो. पोर्ट अरान्सस. ह्यूस्टनपासून गाडीने चार तास, टेक्ससच्या किनाऱ्यावर, मस्टँग नावाच्या लांबट बेटाच्या उत्तर टोकाला. कायम राहणारी वस्ती तीन हजारांच्या आत-बाहेर. इथले लोक नुसतं 'पोर्ट ए' म्हणतात.

बेटावर उत्तरेकडून जायचं तर फेरीबोट. रस्ता पाण्यापाशी संपला, नारिंगी जाकिटातल्या माणसाने हाताने खूण करून आमची गाडी एका रांगेत घातली, आणि आई सरसावून बसली. हे तिला ओळखीचं होतं. दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाल्यापासून गुहागरच्या मावशीकडे जायचं तर ती त्याच वाटेने जाते. त्याआधीच्या गोष्टी तर तिच्याकडे ढीगभर आहेत. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा तरीने यायचं, ओहोटी असली तर चिखलातून, साडी वर खोचून.

"तिकीट काढलंस?"

"नाही लागत. फुकट आहे. सरकारच चालवतं, रात्रंदिवस."

"फुकट?" आईचा विश्वास बसला नाही. उतरेपर्यंत ती तिकीट तपासायला कुणी येतंय का ते बघत होती. पार व्हायला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण मधल्या पाण्याला मोठा मान आहे. कॉर्पस क्रिस्टी बंदराकडे जाणारा जहाजमार्ग तो हाच. अमेरिकेतून कच्चं तेल सर्वांत जास्त बाहेर जातं ते याच बंदरातून. आमच्यासमोरून एक टँकर निघाला, आमची बोट अदबीने थांबली, आणि त्या लोखंडी डोंगराच्या नाकापुढे दोन डॉल्फिन उड्या मारत गेले. मुलगा ओरडला. आई म्हणाली, "गादे." आमच्याकडे डॉल्फिनला तेच म्हणतात, आणि त्यात कौतुकापेक्षा तक्रार जास्त असते, कारण गादे जाळी फाडतात.

आता छकड्याबद्दल. गोल्फच्या मैदानावर म्हाताऱ्या खेळाडूंना एका खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत नेणारी ही गाडी मैदान सोडून गावात कशी शिरली, त्याला बरीच कारणं आहेत. पण अमेरिकेत काही गावं आता तिच्यावरच चालतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या बाल्ड हेड बेटावर रहिवाशांना मोटार नेताच येत नाही, बोटीतून उतरायचं आणि कार्टमध्ये बसायचं. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर अ‍ॅव्हेलॉन गावात मोटारींच्या संख्येवर बंधन आहे, म्हणून तिथेही कार्टच. जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत तर शाळकरी पोरं कार्टने शाळेत जातात. आणखी जरा जोरात, ताशी २० ते २५ मैल पळणाऱ्या तिच्या भावंडांसाठी केंद्र सरकारने १९९८ मध्ये वाहनांचा वेगळा वर्गच केला. आमची त्याहून सावकाश. मागे नंबरप्लेट, शिवाय 'मी हळू जाते' असं सांगणारा नारिंगी त्रिकोण. चालवणाऱ्याकडे परवाना हवाच, आणि मोठ्या रस्त्यावर जायला मज्जाव. आईने एकेकाळी दापोलीच्या चढावर लुना चालवली आहे, त्यामुळे "मी बघू का जरा?" हे दोनदा विचारून झालं. मी नाही म्हटलं. दोन्ही वेळा तिने मला शाळेत उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.

निघालो. पहिल्या पाच मिनिटांत जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. समोरून दुसरी कार्ट आली. तिच्यात टोप्या घातलेलं एक वयस्कर जोडपं, मांडीवर कुत्रं. दोघांनी हात वर केला. आईने माझ्याकडे बघितलं.

"ओळखीचे आहेत?"

"नाही गं."

"मग?"

"इथे करतात."

पुढच्या कार्टला तिने आधी नमस्कार केला. मग तिला तो फार झाला असं वाटलं असावं. तिसऱ्याला तिने नुसता हात उचलला, आणि चौथ्याला, सायकलवरच्या एका दाढीवाल्याला, तिने चक्क "काय?" असं मराठीत विचारलं. तो म्हणाला, "गुड, गुड! यू?" आईने मान हलवली. संभाषण पूर्ण झालं.

अमेरिकेतल्या शरद ऋतूचं जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं, लाल-पिवळी पानं, भोपळे, धुकं, त्यातले फक्त भोपळे इथे होते, तेही दुकानाच्या पायरीवर. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर झाडं रंगबिंग बदलत नाहीत. पाम ते पामच. इथे ऋतू ओळखायचा तो उत्तरेच्या वाऱ्यावरून. त्याला इथले लोक नॉर्दर म्हणतात. पहिला नॉर्दर येऊन गेला की उन्हाळाभर अंगाला चिकटलेली हवा एका रात्रीत कोरडी होते, आकाश धुतल्यासारखं निळं पडतं, आणि पाणी मात्र कोमटच राहतं. उन्हाळ्यात याच गल्ल्यांमध्ये कार्टची अशी झुंबड उडते, की वर संगीत, हातात बियर, मागे लोंबणारी सहा-सहा पोरं. तसल्या पोर्ट ए-ला मी एकदा आले होते आणि पुन्हा यायचं नाही असं ठरवून गेले होते. ऑक्टोबरात गाव गावासारखं होतं. निम्म्या घरांचे पडदे बंद, दुकानदाराला बोलायला वेळ, आणि रस्त्याच्या मधोमध बसलेला एखादा बगळा हॉर्न दिला तरी न उठणारा.

एका गल्लीत आईने थांबायला सांगितलं. घरं सगळी खांबांवर होती. खाली नुसते उंच लाकडी खांब, त्यांत गाडी लावलेली, दोरीवर टॉवेल, आणि घर वर. लिंबोणी, फिकट निळी, गुलाबी. मधेच एक मोकळा चौकोन. जोतं होतं, पायऱ्या होत्या, वर काही नव्हतं. पायऱ्या कुठेच जात नव्हत्या.

"वादळ?" आईने विचारलं.

तिला कुणी सांगायला नको होतं.

२५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री हार्वे हे चक्रीवादळ जमिनीवर आलं ते इथून हाकेच्या अंतरावर, समोरच्या सॅन होजे बेटावर. चौथ्या श्रेणीचं वादळ, वारा ताशी १३० मैल, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर. गावातलं क्वचितच एखादं घर सुटलं. तेच वादळ मग पुढे सरकून ह्यूस्टनवर येऊन बसलं आणि हलेना. आम्ही तेव्हा चार दिवस वरच्या मजल्यावर, खाली पाणी, आणि आई आंजर्ल्यात टीव्हीसमोर. तिचा फोन दर दोन तासांनी. "पाणी कितव्या पायरीला आहे?" मी खोटं सांगायची, एक पायरी कमी करून.

तिला माझी पायरी कळत तरी होती. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझ्याकडे तेवढंही नव्हतं. दुपारी साडेबाराला तिचा आवाज शेवटचा ऐकला, "पत्रे उडायला लागलेत, ठेवते", आणि मग पाच दिवस काही नाही. विजेचे खांब आडवे, टॉवर बंद, वर टाळेबंदी, विमानं नाहीत. मी पाच दिवस फोन हातात घेऊन फिरत होते. सहाव्या दिवशी गावातला एक मुलगा हर्णैच्याही पुढे, रेंज मिळेपर्यंत चालत गेला आणि तिथून त्याने मला सांगितलं, काकू बऱ्या आहेत, वाडी गेली.

वाडी गेली म्हणजे काय, ते कोकणाबाहेरच्या माणसाला कळत नाही. माड उन्मळले, पोफळी मधोमध काड्यांसारख्या तुटल्या. घर दोन महिन्यांत शाकारता येतं. पोफळ लावली तर पीक दिसायला पाच-सात वर्षं, आणि माडाची तर पिढीच मोजायची. ज्या माडांना बाबांनी शिंपणं केलं होतं ते गेले.

आई कार्टमध्ये बसून त्या कुठेही न जाणाऱ्या पायऱ्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "यांनी घर उचलून खांबावर ठेवलं. झाड कुठे ठेवणार?"

मी गाडी सुरू केली. ती म्हणाली, "थांब, घाई काय आहे." आणि आम्ही आणखी थोडा वेळ तिथेच थांबलो. मागून एक मोटार आली, आमच्या त्रिकोणाकडे बघून वळसा घालून गेली. हॉर्न नाही दिला.

या गावातल्या जुन्या सरायीत मात्र आईला अजिबात थांबायचं नव्हतं, मीच थांबवलं. टार्पन इन. टार्पन हा इथला एके काळचा प्रसिद्ध मासा, माणसाएवढा वाढतो, गळाला लागला की पाण्याबाहेर उडी घेतो. गावाचं जुनं नावही टार्पनच. पकडणाऱ्याने त्याचा तळहाताएवढा खवला काढून त्यावर नाव-तारीख लिहायची आणि भिंतीवर डकवायचा, अशी रीत. भिंती खवल्यांनी भरल्यात. १९३७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट इथे मासेमारीला आले होते, त्यांच्या सहीचा खवला वेगळा जपून ठेवलाय. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आणि मासा?" तिने विचारलं. "मासा चांगला लागतो का?"

टार्पन कुणी खात नाही, काटे फार. हे कळल्यावर तिचा रस संपला.

तिचा रस जिथे सुरू झाला ती जागा बंदरावर होती. मासे साफ करायचं सार्वजनिक टेबल. वर पाण्याची नळी, खाली उतार, कडेला सहा-सात तपकिरी पेलिकन रांगेत, रेशनच्या दुकानासमोर उभं राहावं तसे. हे पक्षी एकेकाळी टेक्ससमधून जवळजवळ नाहीसे झाले होते. डीडीटी हे कीटकनाशक माशांतून त्यांच्या पोटात जायचं, अंड्यांची कवचं पातळ व्हायची, मादी बसली की अंडं फुटायचं. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि हळूहळू परत आले. आता माजलेत.

टेबलावर एक साठीचा गृहस्थ काम करत होता. मी कार्ट त्याच्यापासून चार हातांवर उभी केली आणि उतरायचीसुद्धा गरज पडली नाही. आई बसल्या जागेवरून माशांची नावं घेऊ लागली. "ही कोळंबी. हा लेप बघ, केवढा! दोन्ही डोळे एका अंगाला." तो फ्लाउंडर होता, आपल्या लेपाचा थोराड चुलतभाऊ म्हणा. "आणि ही बोय. बोयच ना?"

बोयच. इथे मलेट. शरदात इथला सगळा समुद्र बोयींभोवती फिरतो. पाणी गार व्हायला लागलं की त्यांच्या झुंडी खाडीतून समुद्राकडे निघतात आणि त्यांच्या मागावर मोठे मासे किनाऱ्याला येतात, मुख्य म्हणजे रेड ड्रम. म्हणून ऑक्टोबरात धक्क्यावर, वाळूत, दगडी बांधावर जिकडे तिकडे गळ. बांधावर एक तरुण आमिषासाठी बोय पकडत होता. जाळं खांद्यावर घेतलं, कडेची शिशाची गोळी दातांत धरली, कमरेतून वळला आणि फेकलं. जाळं हवेत गोल उघडलं.

"पाग!" आई ओरडली. "अगं, हा पागतोय!"

तिच्या माहेरचे शेजारी असंच, दात लावूनच फेकायचे. त्या मुलाला पाग हा शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि आईला त्याची बोली येत नव्हती, पण त्याने पुढचं जाळं जरा जास्तच ऐटीत फेकलं हे मी बघितलं.

टेबलावरच्या गृहस्थाने एक रेड ड्रम घेतला. आधी पट्टीवर ठेवून दाखवला. वीस इंचांहून लहान असला तर सोडायचा, अठ्ठावीसच्या वर गेला तरी सोडायचा, म्हाताऱ्या माशांनी अंडी घालावीत म्हणून. आईला हे फार पटलं. हर्णैच्या लिलावात हल्ली बोटाएवढी पापलेटं येतात आणि ती बघून तिचं डोकं फिरतं. मग त्या गृहस्थाने दोन्ही बाजूंची मांसाची फाक सुरीने उतरवली, आणि उरलेला मासा, डोक्यासकट, काट्यासकट, पाण्यात भिरकावायला हात उचलला.

"ओ! ओ!!"

हे आईचं. सगळ्यांनी वळून बघितलं, पेलिकननीसुद्धा.

मी भाषांतर केलं. खरं म्हणजे तिने हातानेच सगळं सांगितलं होतं. गृहस्थाने खात्री करून घेतली, डोकं? फक्त डोकं? मग हसत हसत तीन डोकी आणि लेपाचा सांगाडा पिशवीत घालून दिला, वर बर्फ टाकला. आईने धुऊन घ्यायला लावलं. कल्ले काढायला लावले. तो म्हणाला, त्याची आजी लुईझियानाची, तीही डोकी टाकू द्यायची नाही. आईने विचारलं, आजी काय करायची त्याचं? तो म्हणाला, सूप. आई म्हणाली, "विचार त्याला, आंबट काय घालायची?" बराच विचार करून तो म्हणाला, टोमॅटो. आईने माझ्याकडे बघून मराठीत सांगितलं, "आमसूल नाही मिळालं असेल बिचारीला."

भाड्याच्या घरात त्या रात्री डोक्यांचं कालवण झालं. आमसुलं आईच्या पर्समध्ये असतातच. मुलाने डोळा खायचं धाडस केलं आणि आजीकडून पाच डॉलर मिळवले.

दुसऱ्या दिवशी कार्ट वाळूत नेली. टेक्ससमध्ये किनारा हा रस्ताच धरतात. १९५९ च्या कायद्याने समुद्रकिनारा सगळ्या जनतेसाठी मोकळा ठेवला, आणि जनतेत तिच्या गाड्याही आल्या. ओल्या घट्ट वाळूवरून, लाटांना समांतर, आम्ही सायकलच्या वेगाने जात होतो. मला हे फार आवडलं, कबूल करते. आईला आवडलं नाही. मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर पर्यटक मोठमोठ्या गाड्या घालतात, भरतीत अडकवतात आणि मग गावातली पोरं ट्रॅक्टर घेऊन धावतात, हे ती दर शनिवारी बघते. शिवाय कासवं. मास्तरीण असताना दरवर्षी मार्चमध्ये ती शाळेची मुलं घेऊन वेळासला, नाहीतर गावातल्याच किनाऱ्यावर, कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दाखवायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला घरटी राखायला सुरुवात केली तेव्हा लोक हसले होते, हे ती अजून सांगते.

"इथे कासवं येत नाहीत का?"

येतात. अंडी घालायला उन्हाळ्याच्या तोंडाशी. दक्षिणेला पाड्रे बेटाच्या राखीव किनाऱ्यावर १९७८ पासून १९८८ पर्यंत मेक्सिकोतून अंडी आणून तिथल्या वाळूची ओळख पिल्लांना करून दिली, मोठी झाल्यावर ती इथेच परत यावीत म्हणून. काही आलीही. हे कासव म्हणजे केम्प्स रिडली, समुद्री कासवांत सर्वांत दुर्मीळ. मागच्या सीटवरून मुलाने फोनमध्ये बघून जाहीर केलं, की रिडली कासवांच्या जगात दोनच जाती आहेत, एक केम्प्स रिडली आणि दुसरी ऑलिव्ह रिडली. म्हणजे आंजर्ल्याची.

"सख्ख्या बहिणी," आई म्हणाली. "एक इकडे दिली."

मग ती जरा थांबून म्हणाली, "मग गाडी वर घे ना, कुणी चिरडायला नको." ऑक्टोबरात चिरडायला कुणी नाही हे सांगून उपयोग नव्हता. मी गाडी वर, वाळूच्या टेकड्यांच्या कडेला घेतली, जिथली वाळू पिठासारखी असते. दहा फुटांत चाकं रुतली.

आईने ही चूक माझ्याच खात्यात टाकली. गळ लावून बसलेले दोघं उठून आले, एकाने फळी आणली, मुलगा ढकलायला उतरला, आणि आई कार्टमध्येच बसून "हं, जोर लावा, हं" असं म्हणत राहिली. तिला उतरवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. गाडी निघाली तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या, कुणासाठी ते स्पष्ट नव्हतं.

पण रुतलो म्हणून वेल दिसली. टेकडीच्या उतारावरून खाली वाळूत आलेल्या लांब दोऱ्या, जाड पानं, जांभळट गुलाबी घंटेसारखी फुलं. आई उतरली. वाकणं तिला जमत नाही, तरी वाकली.

"मर्यादवेल."

तीच. अगदी तीच, कोकणातली. बिया पाण्यावर तरंगतात म्हणून उष्ण समुद्रांच्या काठी जगभर पोचलेली. ती जिथे वाढते तिथवरच समुद्राने यायचं, पुढे नाही, म्हणून आपल्याकडे मर्यादवेल. हार्वेने ती मर्यादा मानली नाही, निसर्गने पण नाही. वेल मात्र दोन्हीकडे पुन्हा आली. टेकड्यांवरच्या झाडांना हात लावायला इथे बंदी आहे, म्हणून आईने वाऱ्याने तुटून वाळूत पडलेलं एक पान उचललं. मधोमध खाच असलेलं, दोन पाळ्यांचं. ते झटकून तिने माझ्या हातावर ठेवलं.

"घे. दसऱ्याला दिलं नव्हतं. सोनं."

आपट्याच्या पानासारखंच दिसतं ते, हे माझ्या आयुष्यात कधी लक्षात आलं नव्हतं. दसरा होऊन पाच दिवस झाले होते. म्हणजे त्या दिवशी कोजागरी.

ते आम्हा दोघींनाही उशिरा सुचलं. बदाम-केशर कुठून आणणार? गावातल्या एकुलत्या वाणसामानाच्या दुकानात दूध मिळालं, वेलची मिळाली, बदाम खारवलेले मिळाले. आईने ते धुऊन घेतले. थर्मास भरला, आणि संध्याकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा वाळूत.

या समुद्राचं मला कायम एक खटकतं. माझ्या समुद्रात सूर्य बुडतो. हा समुद्र आग्नेयेला तोंड करून आहे, इथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि संध्याकाळी पाठीमागे, घरांच्या पलीकडे, खाडीवर कुठेतरी मावळतो. सकाळी आईने खिडकीतून ते बघितलं होतं आणि बराच वेळ ती नुसती "उलटा, उलटा" म्हणत होती. आता पाठीमागे उजेड विझत होता. छकड्याचं तोंड पाण्याकडे केलं, आणि मुलाने पहिल्यांदाच तक्रार केली, की उलट्या सीटवरून त्याला काही दिसत नाही. तो आमच्या दोघींच्या मध्ये येऊन घुसला.

सात वाजत आले तेव्हा पाण्याच्या रेषेवर तांबडा डाग दिसला. आधी मला जहाजाचा दिवा वाटला. मग तो फुगला. चंद्र समुद्रातून वर येतो हे दृश्य आम्हा तिघांतल्या कुणीच कधी बघितलं नव्हतं.

आईने घाईघाईने फोन मागितला. "वहिनींना लाव."

"अगं, तिकडे पहाट आहे. साडेपाच."

"उठलेल्या असतात."

उठलेल्या होत्या. स्पीकरवर आधी कोंबडा, मग बादलीचा आवाज, मग शेजारच्या वहिनी. आईने त्यांना सगळं एका दमात सांगितलं. नाही हो, गाडी नाही, छकडा, बिनबैलाचा. हो, वाळूतच उभा आहे. माशाची डोकी टाकून देतात हो इथे. लोक चांगले आहेत, हात करतात. आणि वहिनी, चंद्र समुद्रातून येतोय, वर, आत्ता.

"काहीतरीच," वहिनी म्हणाल्या. "चंद्र इथे आहे."

"बघा तरी."

चपलांचा आवाज, कडी, वाडीतून जाताना पायाखालची सुकी झावळ. बराच वेळ कुणी बोललं नाही. फोनमधून लाटांचा आवाज यायला लागला. समोरून येतच होता.

"दिसतोय," वहिनी म्हणाल्या. "खाली आलाय. हातभर राहिलाय पाण्याला."

"इथेही हातभरच आहे," आई म्हणाली. "दूध केलंत का रात्री?"

"केलं की. पातेलं तसंच पडलंय घासायचं. तुम्ही?"

"हे काय, ओततेय."

"मग घ्या. मी जाते हो, नळाला पाणी आलंय."